ती तुटक रेघ तेवढी राहू द्या

प्रति,
वंशावळीचे फ्लेक्स आणि बोर्ड करून घेणारी सगळी मंडळं, उत्सव समित्या, जुन्या वाड्यांचे ट्रस्ट, म्युझियमवाले आणि 'आमचं घराणं' टाईप ग्रुपांचे ॲडमिन यांना,

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात डीटीपी आणि फ्लेक्स डिझाईनचं काम करते, सतरा वर्षं झाली. वाढदिवस, निवड, निधन, पुण्यस्मरण, सगळं करते, पण शिवजयंती किंवा शाहू जयंती जवळ आली की एक वेगळीच ऑर्डर यायला लागते ती म्हणजे वंशावळ. आधी राजघराण्यांच्याच यायच्या, आता जहागीरदार, सरदार, इनामदार, देशमुख सगळ्यांना पाहिजे असतात. कागदावर पेनानं लिहिलेलं मॅटर येतं, कधी चुलत्यांच्या वहीचा मोबाईलवर काढलेला हललेला फोटो येतो, आणि मी बसते कोरलमध्ये, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, बॉक्स आणि रेघा काढत. सेनाखासखेल, सेनासाहेबसुभा, वजारतमआब, हुकूमतपन्हा असले किताब टाईप करून करून माझा हात एवढा बसलाय की परवा एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नुसतं 'युवा नेते' टाईप करताना चुकल्यासारखं वाटलं.

तर विषय असा. मागच्या वर्षी एक समिती आली, नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत, पैसेही वेळेवर देतात. वीस बाय दहाचा फ्लेक्स, कोल्हापूरच्या छत्रपतींची पूर्ण वंशावळ. मी आपलं नेहमीप्रमाणे केलं, पोटचा मुलगा असेल तिथं सलग रेघ आणि दत्तक असेल तिथं तुटक रेघ. ही पद्धत माझी नाही, जुन्या पुस्तकातल्या वंशावळी बघितल्या तर तिथंही अशीच असते. प्रूफ व्हॉट्सअपवर पाठवलं. दहा मिनिटात फोन, "ताई, रेघा तुटल्यात बघा, प्रिंटला घोटाळा होईल." म्हटलं दादा तुटल्या नाहीत, ते दत्तक आहे. पलीकडे जरा शांतता, मग दुसऱ्या कुणीतरी फोन घेतला आणि म्हणाले, "मग सलग करा की, बघणाऱ्याला काय कळतंय, उगाच लोक काहीबाही बोलतील."

मी केली सलग. ॲडव्हान्स घेतलेला होता, मशीनला दुसरं काम लागायचं होतं. तो फ्लेक्स चौकात आठ दिवस होता आणि मी आठही दिवस गाडी दुसऱ्या रस्त्यानं घातली. आणि हे एकाच समितीचं नाही, सगळ्यांनाच सलग पाहिजे असतं. म्हणून म्हटलं एकदा सगळ्यांना मिळून लिहावं.

आधी हे बघा की त्या फ्लेक्सवर तुटक रेघा होत्या किती. महाराणी ताराबाईंचे सावत्र चिरंजीव संभाजीराजे १७६० ला गेले, मूलबाळ नव्हतं. तिथनं खाली येत मोजा. १७६२ ला खानवटकर भोसल्यांचा माणकोजी दत्तक आला, तो शिवाजी झाला. १८६६ ला पाटणकरांचे नागोजीराव आले, ते राजाराम. १८७१ ला सावर्डेकर भोसल्यांचे नारायणराव, ते चौथे शिवाजी. १८८४ ला कागलकर घाटग्यांचे यशवंतराव, ते आपले राजर्षी शाहू. मग त्यांचे पोटचे चिरंजीव राजाराम, ही सलग रेघ. त्यांच्या माघारी परत एक छोटा शिवाजी, दत्तक, तो लेकरू असतानाच १९४६ ला गेला. मग १९४७ ला देवासचे विक्रमसिंहराव पवार आले, ते शहाजी. आणि १९६२ ला सध्याचे शाहू महाराज. सात! दोनशे वर्षांत सात तुटक रेघा आणि तुम्ही मला सांगता त्या सलग करा, म्हणजे मग राहिलं काय त्या झाडाचं, ते तर झाडच तुटक रेघांवर उभं आहे.

आता म्हणाल, ताई त्यानं काय बिघडलं, वारसा तर पोचला ना. पोचला. पण कसा पोचला ते बघायचं असेल तर तुम्ही दिलेल्या मॅटरमध्ये नसलेले बॉक्स बघायला लागतील. तुमच्या मॅटरमध्ये सुरुवातीला जिजाऊ आणि मध्ये ताराराणी सोडल्या तर बाईचं एक नाव नव्हतं. बाकी सगळे पुरुष पुरुषांपासूनच जन्मलेले.

माणकोजीला दत्तक घेतलं कुणी? संभाजीराजे तर गेलेले. घेतलं त्यांच्या राणीनं, जिजाबाईंनी. नवरा गेला, गादी रिकामी, पुण्याहून पेशव्यांचा डोळा कोल्हापूरवर, सातारा आणि कोल्हापूर एक करून टाकायचं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. त्या काळात ही बाई उभी राहिली, मूल निवडलं, गादीवर बसवलं आणि १७७३ ला जाईपर्यंत स्वतः राज्य चालवलं. म्हणजे आज आपण 'कोल्हापूरची गादी' म्हणतो ती आहे ती या बाईमुळं. आणि तुमच्या फ्लेक्सवर संभाजीराजांच्या बॉक्समधनं रेघ डायरेक्ट शिवाजीराजांच्या बॉक्समध्ये, मधे जिजाबाई नाहीतच!

शाहू महाराजांचं तसंच. नऊ पूर्ण करून दहाव्या वर्षात असलेलं पोरगं, १७ मार्च १८८४ ला दत्तक विधान झालं, घेतलं चौथ्या शिवाजींच्या विधवा राणी आनंदीबाईसाहेबांनी. आपण दरवर्षी २६ जूनला मिरवणूक काढतो, माझ्या एकटीच्या दुकानात त्या आठवड्यात शंभर फ्लेक्स निघतात, आणि एकावर आनंदीबाईंचं नाव नसतं. जन्मदात्या आईचं, मुधोळकर घोरपड्यांच्या राधाबाईंचं, तेही क्वचितच.

(जन्मदाते वडील जयसिंगराव आबासाहेब घाटगे, त्यांचं नाव कागलवाले घालतात बरोबर. कागलवाल्यांचं मॅटर नेहमी चोख असतं, हे आपलं एक निरीक्षण.)

आता रक्ताचा विषय काढूच, कारण 'थेट रक्ताचे वारस' हे तीन शब्द मला दर ऑर्डरला टाईप करायला लावता, मोठ्या फॉन्टमध्ये, खाली पिवळी पट्टी. १८६६ ला पाटणकरांचा मुलगा का आला? कारण तो आधीचे कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज बाबासाहेब यांचा भाचा होता, बहिणीचा मुलगा. १९४७ ला देवासचे महाराज का आले? कारण त्यांची आई राधाबाई अक्कासाहेब या राजर्षी शाहूंची मुलगी, म्हणजे शाहूंचा सख्खा नातू आला परत आजोळी. आणि १९६२ ला जे आले तेही शहाजी महाराजांच्या मुलीचे चिरंजीव. बघा म्हणजे आता. ज्या रक्ताचा तुम्ही एवढा पुकारा करता ते रक्त दर वेळी बहिणीतनं नाहीतर लेकीतनं वाहत आलं, आणि नेमक्या त्याच बहिणीचा, त्याच लेकीचा बॉक्स तुम्ही मला डिलीट करायला सांगता. माझ्या समोर तुटक रेघ सलग केली तेव्हा अक्कासाहेबांचा बॉक्स होता तिथं जागा रिकामी दिसायला लागली म्हणून शेवटी तिथं तुतारीचं क्लिपआर्ट टाकलं. खोटं नाही सांगत.

दत्तक ही काय आडबाजूची, लपवायची गोष्ट होती असंही नाही. आपल्याकडं, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यात, धर्मशास्त्राचा जो अर्थ कोर्टात चालायचा त्यात विधवेला नवऱ्यानं आधी परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता यायचं. बंगालकडं तसं नव्हतं, तिकडं नवऱ्याची परवानगी लागायची. एका वकील काकांनी मला हे समजावून सांगितलं, त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका करत होते तेव्हा, आणि माझ्या डोक्यात एकदम लाईट लागला, की म्हणूनच मराठ्यांच्या संस्थानांत सगळीकडं एवढ्या राण्या मुलं निवडताना दिसतात, कायदाच त्यांच्या बाजूचा होता. आणि दत्तक म्हणजे पोटच्यासारखाच नाही, पोटचाच, त्या मुलाचं नाव बदलायचं, घर बदलायचं, जुन्या घरचा वारसा तुटायचा, पिंड द्यायचा तो नव्या बापाला.

आता ताराराणींवर येते, कारण तुमच्या फ्लेक्सवर त्या घोड्यावर आहेत, तलवार घेऊन, छानच आहे, पण त्यांच्या म्हातारपणीची गोष्ट कुणी फ्लेक्सवर घालत नाही. साताऱ्याचे शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला गेले, मुलगा नाही. त्यांच्या राणी सकवारबाईंचा कल कोल्हापूरच्या संभाजींकडं. तेवढ्यात ताराबाईंनी, वय सत्तरीच्या पुढं, सांगितलं की माझा नातू जिवंत आहे, लपवून वाढवलाय. तोच रामराजा. भाऊबंदांसमोर त्याच्यासोबत एका ताटात जेवून, त्या अन्नाची शपथ घेऊन त्यांनी हा माझाच नातू म्हणून सांगितलं, आणि तो छत्रपती झाला. वर्षही झालं नसेल, तो त्यांच्या शब्दात राहीना म्हणून त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकला. आणि १७५२ ला जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली की हा माझा नातू नव्हेच, तोतया आहे!

आता मला सांगा ही रेघ मी कशी काढू? आधी ताटावरची शपथ, मग खंडोबाची शपथ, दोन्ही एकाच आजीच्या. इतिहासवाले बहुतेक म्हणतात नातू खराच होता, आजी रागानं बोलल्या. आणि याच रामराजांनी पुढं १७७७ ला वावीकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, तिथनं साताऱ्याची गादी पुढं चालली. साताऱ्याची ऑर्डर आली की मी रामराजाच्या वर रेघेऐवजी टिंबं टिंबं टाकते, क्लायंट विचारतात, मी म्हणते आजींना विचारा.

बडोद्याची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते, बडोद्याचं काम एकदाच आलं, तिकडं गेलेल्या मराठी मंडळींचं, पण मी ते मॅटर वाचत बसले आणि बाकीची कामं राहिली. खंडेराव गायकवाड १८७० ला गेले तेव्हा राणी जमनाबाईंना दिवस गेलेले. मुलगा झाला तर तो राजा, मुलगी झाली तर खंडेरावांचे भाऊ मल्हारराव. सगळं संस्थान म्हणजे त्या बाळंतपणाकडं डोळे लावून बसलेलं, विचार करा त्या बाईचं काय झालं असेल. १८७१ च्या जुलैत मुलगी झाली. ताराबाई नाव ठेवलं. मल्हारराव गादीवर, आणि जमनाबाई मुलीला घेऊन बडोद्याबाहेर, पुण्याला. चार वर्षांनी, १८७५ ला, मल्हाररावांना रेसिडेंटवर (म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीवर) विषप्रयोगाचा आरोप, चौकशी आणि कारभाराची बोंब असं सगळं होऊन इंग्रजांनी काढलं. मग जमनाबाईंना परत बोलावलं, दत्तक घ्या म्हणून. त्यांनी घेतला कुठला, तर नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाण्याचा, गायकवाडांच्या शेती करणाऱ्या शाखेतला, काशीरावांचा मुलगा गोपाळराव, वय बारा. तिघं भाऊ आणले होते आणि का आलास असं विचारल्यावर गोपाळ म्हणाला मी राज्य करायला आलोय, अशी गोष्ट सांगतात, आता ती कुणी मागनं रचली असेल तर असेल, पण छान आहे. हेच सयाजीराव महाराज तिसरे. म्हणजे सक्तीचं शिक्षण, वाचनालयं, आंबेडकरांची शिष्यवृत्ती, या सगळ्याच्या मुळाशी एका विधवेनं खेड्यातल्या एका पोरावर ठेवलेलं बोट आहे. ती तुटक रेघ सलग करून टाकली की कवळाणे गाव पण गेलं आणि जमनाबाई पण गेल्या.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं तर रेघा काढता काढता माऊस दुखायला लागतो. महादजी १७९४ ला पुण्यात वानवडीला गेले, मुलगा नाही, भावाचा नातू दौलतराव आला, त्यावरनं महादजींच्या बायकांशी उभं भांडण, फौजा समोरासमोर. दौलतराव १८२७ ला गेले, मुलगा नाही, बायजाबाईंनी (या आपल्या कागलच्या घाटग्यांच्या लेक बरं का) मुकुटराव दत्तक घेतला, तो जनकोजी. त्यानं मोठा होऊन बायजाबाईंनाच १८३३ ला राज्यातनं बाहेर काढलं. तो १८४३ ला गेला, मुलगा नाही, आणि त्याची विधवा ताराबाई, तिचं वय बारा-तेरा, तिनं आठेक वर्षांच्या भागीरथरावाला दत्तक घेतलं. बारा वर्षांची आई आणि आठ वर्षांचा मुलगा! मी ते दोन बॉक्स एकाखाली एक काढले आणि जरा वेळ नुसतीच बघत बसले. माझी भाची बारा वर्षांची आहे.

ही दत्तक पोरं सुखात होती असंही समजू नका. आमच्याच गादीवर पाटणकरांचे राजाराम बसले ते वयाच्या विसाव्या वर्षी विलायतेहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला गेले, ३० नोव्हेंबर १८७०, तिथंच नदीकाठी दहन झालं. आज तिथं छत्री आहे, महाराजांचा पुतळा आहे आणि जवळच्या पुलाला पण 'इंडियन'चा पूल म्हणतात. त्यांच्या मागनं आलेले नारायणराव, म्हणजे चौथे शिवाजी, त्यांना वेडा ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८८३ च्या नाताळात पहारेकऱ्याबरोबरच्या झटापटीत ते तिथंच गेले, वय वीस. त्यांच्याच छळाबद्दल छापलं म्हणून टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बसले होते. हे पण फ्लेक्सवर नाही, एक बॉक्स, खाली दोन साल, बस.

मला खरा राग कशाचा येतो ते सांगते. 'दत्तक म्हणजे खरा नव्हे' हे म्हणणं आपलं नाहीच हो. ते डलहौसीचं आहे. साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ ला गेले, जायच्या दिवशीच त्यांनी मुलगा दत्तक घेतलेला. डलहौसी म्हणाला खासगी मालमत्तेपुरता तो वारस, राज्याचा नाही, आणि सातारा खालसा. मग नागपूर, रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात गेले, घराण्यातल्या बांकाबाई विनवण्या करत राहिल्या, राज्य गेलं आणि वर भोसल्यांचे दागिने लिलावात काढले. झाशी, गंगाधररावांनी गेल्याच्या आदल्या दिवशी आनंदरावाला दत्तक घेऊन दामोदर नाव ठेवलेलं, तेही नाही मानलं, पुढचं तुम्हाला पाठ आहे. बिठूरला नानासाहेब, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक, त्यांची आठ लाखांची पेन्शन बंद. रंगो बापूजी गुप्ते साताऱ्याच्या गादीसाठी लंडनमध्ये चौदा वर्षं चपला झिजवत बसले. एवढी माणसं गेली ती दत्तक मूल हे खरं मूल आहे एवढं एक वाक्य इंग्रजांनी मानावं म्हणून. सत्तावन्न झाल्यावर मानलं, कॅनिंगनं १८६२ ला दत्तकाच्या सनदा वाटल्या. आणि आता १६० वर्षांनी तुम्ही माझ्या दुकानात येऊन हळू आवाजात म्हणता, ताई तेवढं दत्तकाचं दिसू देऊ नका. २०२४ च्या लोकसभेला तर आमच्याकडं भर प्रचारात उमेदवार शाहू महाराज दत्तक आहेत म्हणून मुद्दा काढला गेला, कोल्हापूरकरांनी दीड लाखाच्या वर लीड देऊन काय ते उत्तर दिलं. (१९६२ ला ते दत्तक आले तेव्हा मात्र गावात मोठा विरोध झाला होता, आंदोलनं झाली होती, आमची आजी सांगायची, तेही लपवायचं कारण नाही.)

काही जण मला म्हणाले की ताई बायकांची नावं घालायला जागा पुरत नाही. जागा? तंजावरला जाऊन बघा. सरफोजी महाराजांनी १८०३ ला बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, भिंतच्या भिंत भरलीय. आणि गंमत बघा, कोरून घेणारे सरफोजी स्वतः दत्तक! तुळजाजी महाराजांनी १७८७ ला मरणाच्या दारात असताना दत्तक घेतलेले, मग पंडितांनी आधी दत्तक बेकायदेशीर सांगितलं, मग दुसऱ्या पंडितांनी कायदेशीर सांगितलं, अकरा वर्षांनी गादी मिळाली. ज्याच्या वारसाहक्कावर एवढी वर्षं वाद चालला त्या माणसानं वंशाचा सगळा इतिहास दगडात कोरून ठेवला. माझा फ्लेक्स तर सोळा रुपये स्क्वेअर फूट आहे, जागेचं काय घेऊन बसलाय.

आणि हे बघा, दत्तक घ्यायलाच पाहिजे असंही नव्हतं, नाही म्हणणारी पण होती. इंदूरला अहिल्याबाई होळकरांचा मुलगा मालेराव गेल्यावर कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड मागं लागले की एखादं लहान मूल दत्तक घ्या, अहिल्याबाईंनी साफ नाही सांगितलं, स्वतः बसल्या आणि फौज तुकोजींकडं दिली, जे ना मुलगा ना दत्तक. तुकोजींचा बॉक्स कुठं ठेवायचा हा प्रश्न मला दर ३१ मेला, अहिल्याबाईंच्या जयंतीला, पडतो. त्याच इंदूरला १९६१ ला यशवंतराव होळकर गेले तेव्हा वारस म्हणून मान्यता मिळाली ती त्यांच्या मुलीला, उषाराजेंना. मग १९७१ ला संस्थानिकांचे तनखेच बंद झाले. म्हणजे सगळं संपायच्या दहा वर्षं आधी एकदाची मुलीच्या बॉक्सला सलग रेघ मिळाली.

इचलकरंजीचं पण सांगून ठेवते, तिथले जहागीरदार घोरपडे मूळचे जोशी. नारो महादेव जोशींनी धन्याच्या, सेनापती संताजी घोरपड्यांच्या घराण्याच्या, निष्ठेपायी आडनावच घोरपडे लावलं. ना पोटचा, ना दत्तक, आडनावच अंगावर घेतलेलं. त्याला मी कुठली रेघ काढू? अजून ठरलेलं नाही, कुणाला सुचलं तर कळवा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. यापुढं माझ्याकडं वंशावळ द्यायची असेल तर दत्तक असेल तिथं तुटक रेघ जाईल, आणि त्या रेघेच्या बाजूला मूल कुठल्या घरनं, कुठल्या गावनं आलं ते बारीक अक्षरात जाईल. दत्तक राणीनं घेतलं असेल तर रेघ राणीच्या बॉक्समधनं निघेल. भाचा किंवा मुलीचा मुलगा असेल तर त्या बहिणीचा, त्या मुलीचा बॉक्स पुरुषांच्या बॉक्सएवढाच, फॉन्ट पण तेवढाच, गुलाबी करणार नाही. जन्मदाती आई माहीत असेल तर ती पण. नावच माहीत नसेल तर रिकामा बॉक्स ठेवू, पण ठेवू. 'थेट रक्ताचे' हे शब्द मी टाईप करणार नाही, तुमच्याकडं दुसरा डीटीपीवाला असेल तर त्याच्याकडनं करून घ्या, गावात भरपूर आहेत.

आणि ज्या समितीचा फ्लेक्स मी मागच्या वर्षी सलग रेघांचा करून दिला, त्यांनी यंदा यावं. तीच साईज मी फुकट परत करून देते, फक्त जुना फ्लेक्स आणून द्या, आमच्या गोठ्यावर पावसाळ्यात घालायला उपयोगी पडेल, पालथा घालीन.

अक्कासाहेबांच्या बॉक्समधली तुतारी मी फाईलमधनं काढलीय. नाव टाकून ठेवलंय. प्रूफ सोमवारी पाठवते, बघून लगेच सांगा, रविवारी दुकान बंद असतं.

आपली,
एक डीटीपीवाली, कोल्हापूर